वाचकांचे प्रश्न : भिंतीवर सापडलेला अंश कोणाचा?

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत एकाच विषयावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. विषय आहे भाड्याच्या घरात होणाऱ्या मेथ तपासणीचा. मेथॅम्फेटामिन या अमली पदार्थाला तिकडच्या बोलीत नुसते ‘पी’ म्हणतात. तो घरात ओढला, तर धुराबरोबर त्याचा सूक्ष्म अंश भिंतींवर, छतावर आणि पडद्यांवर बसतो व बराच काळ तिथेच राहतो. घरात तो तयार केला गेला असेल, तर त्याच्यासोबत इतर रसायनेही मुरतात. भिंत पुसून हा अंश शोधता येतो. तो सापडला की पुढचा प्रश्न येतो पैशांचा आणि इभ्रतीचा, आणि आलेल्या बहुतेक पत्रांत पैशांपेक्षा इभ्रतीची काळजी जास्त दिसली.

प्रश्न : आम्ही ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागात एका जुन्या घरात तीन वर्षे भाड्याने राहिलो. घरात मी, माझे यजमान आणि बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई एवढीच माणसे होती. घर सोडल्यावर एजंटने तपासणी करवून घेतली आणि मेथचे प्रमाण ४.१ आल्याचे कळवले. बॉन्डची सगळी रक्कम सोडावी आणि साफसफाईचा खर्चही द्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या घरात कोणी साधी सिगारेटही ओढत नाही. सासूबाईंना हे कळल्यापासून त्यांचा जेवणावरचा जीव उडाला आहे. मंडळातल्या लोकांत चर्चा नको म्हणून यजमान पैसे सोडून द्यायला तयार आहेत. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. आम्ही काय करावे? – एक वाचक, ऑकलंड

उत्तर : सर्वांत आधी, बॉन्ड परत मिळवण्याच्या अर्जावर त्यांनी भरलेला आकडा मान्य करून सही करू नका. बॉन्ड म्हणजे आपली अनामत. ती जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याएवढी असते आणि ती घरमालकाच्या खिशात नसून टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी यंत्रणेकडे जमा असते. दोन्ही पक्षांची संमती असेल किंवा टेनन्सी ट्रिब्युनलचा, म्हणजे घरभाड्याचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाचा, आदेश असेल, तरच ती कोणाला तरी मिळते. त्यामुळे आपण सही केली नाही, तर एजंटला एकतर्फी काहीही करता येत नाही आणि दावा सिद्ध करण्यासाठी त्याला ट्रिब्युनलपुढे जावे लागते. आपल्या यजमानांची भावना मला समजते. परंतु न केलेल्या गोष्टीचे पैसे गुपचूप भरले, तर ती गोष्ट आपण मान्य केली असाच अर्थ कागदोपत्री निघेल. ज्या चर्चेला आपण भीत आहात, तिला आधार मग आपल्याच सहीने मिळेल.

आता तो ४.१ चा आकडा पाहू. आपण पाठवलेल्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले आहे, की हा आठ जागांचा एकत्रित नमुना आहे. ही तपासणी कशी होते हे एकदा डोळ्यांसमोर आणले, तर या ओळीचे महत्त्व कळेल. तपासनीस हातमोजे घालतो आणि भिंतीवर दहा सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद चौकोन आखतो, म्हणजे साधारण हाताच्या तळव्याएवढी जागा. मिथेनॉलमध्ये भिजवलेल्या कापडी बोळ्याने तो ही जागा आधी आडवी आणि मग उभी पुसून घेतो आणि बोळा बाटलीत बंद करतो. प्रयोगशाळा त्या बोळ्यावर किती मायक्रोग्रॅम मेथ आले ते मोजते. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. प्रत्येक खोलीचा बोळा वेगळा तपासला तर खर्च वाढतो, म्हणून पुष्कळदा सगळ्या खोल्यांचे नमुने एकत्र करून एकच आकडा काढतात. तो आकडा बेरजेचा असतो. आपल्या बाबतीत आठ जागांची बेरीज ४.१ आली आहे, म्हणजे सरासरी काढली तर एका जागेला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास अंश येतो. तो सगळाच्या सगळा गॅरेजच्या एका कोपऱ्यातला आहे असे धरले, तरी तो ४.१ च्या वर जात नाही. कोणत्या खोलीत किती, हे या अहवालावरून कोणालाही सांगता येणार नाही. असे असताना एजंटच्या पत्रात ‘घरातील प्रमाण ४.१’ असे सरळ लिहिणे चुकीचे आहे. आपल्या उत्तरात ही चूक पहिल्याच परिच्छेदात नोंदवा.

मग ४.१ हे प्रमाण जास्त की कमी? याचे उत्तर समजण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण न्यूझीलंडमध्ये या एका आकड्याने पुष्कळ घरे उद्ध्वस्त केली आहेत. २०१० साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि शंभर चौरस सेंटिमीटरला अर्धा मायक्रोग्रॅम ही पातळी धरली. त्या सूचना मेथ बनवण्याचा अड्डा उघडकीस आल्यावर ते घर कसे साफ करावे यासाठी होत्या. हळूहळू तोच आकडा, कोणी कधी तरी ओढले असेल अशा साध्या घरांनाही लावला जाऊ लागला. तपासणी करणाऱ्या कंपन्या वाढल्या, त्यांच्यावर फारसे नियंत्रण नव्हते, आणि ‘दूषित घर’ हा शब्द मालकांच्या मनात भीती बनून बसला. २०१७ मध्ये एनझेडएस ८५१० हे मानक आले आणि त्याने रोजच्या वापरातल्या जागांसाठी १.५ व माळ्यासारख्या क्वचित वापरातल्या जागांसाठी ३.८ अशी पातळी ठरवली. त्यानंतर २९ मे २०१८ रोजी पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार सर पीटर ग्लुकमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. घरात पूर्वी कोणी मेथ ओढल्यामुळे उरलेल्या अंशाने नंतर तिथे राहणाऱ्यांच्या प्रकृतीला अपाय झाल्याचा पुरावा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १५ मायक्रोग्रॅमपर्यंतच्या पातळीला आरोग्यावर परिणाम होण्याची अपेक्षा नाही, आणि घरात अड्डा असल्याचा किंवा अतिशय जास्त वापर झाल्याचा संशय नसेल तर तपासणीचीच गरज नाही, हेही त्यात होते.

या अहवालानंतर ट्रिब्युनलच्या अनेक निर्णयांत १५ चा आकडा धरला गेला. २०२२ च्या अखेरीस सरकारने नियमांचा जो मसुदा लोकांपुढे चर्चेला ठेवला, त्यातही १५ ही कमाल ग्राह्य पातळी होती आणि ज्यापुढे घर राहण्याजोगे समजू नये अशी पातळी ३० सुचवली होती. आज लागू असलेला नियम टेनन्सी सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर पाहून आपल्या पत्रात त्याचा उल्लेख करा. आपल्या अहवालातली आठ जागांची बेरीजसुद्धा १५ च्या एकतृतीयांशाहून कमी आहे, हे त्या पत्रात आकड्यांनिशी मांडा.

मात्र आकडा कितीही असो, माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो आपण सोडू नये. हा अंश आपल्या काळात आला हे कशावरून? ज्या घरात आपण तीन वर्षे राहिलात, त्यात आपल्या आधी वर्षानुवर्षे इतर भाडेकरू राहून गेले असणार. भिंतीवरचा अंश स्वतःची तारीख सांगत नाही. आपण राहायला येण्यापूर्वी घर तपासले होते आणि तेव्हा ते स्वच्छ होते, असा अहवाल मालकाजवळ असेल, तरच दोन आकड्यांची तुलना होऊ शकते. हा ‘आधीचा’ अहवाल नाही म्हणून ट्रिब्युनलने आजवर अनेक मालकांचे दावे फेटाळले आहेत. नुकसान भाडेकरूच्या काळात झाले हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर असते. ते सिद्ध होत नाही तोवर, आपण ते केले नाही हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येत नाही. म्हणून एजंटला एका ओळीचे पत्र पाठवा : आमचा करार सुरू होण्यापूर्वीचा मेथ तपासणीचा अहवाल, त्याची तारीख आणि प्रयोगशाळेचे नाव यांसह पाठवावा. माझ्या अनुभवात निम्मे वाद या एका ओळीपाशी थंडावतात.

ते थंडावले नाहीत, तर टेनन्सी सर्व्हिसेसची मध्यस्थी मिळते आणि तिथे न जमल्यास ट्रिब्युनल आहे. तिथे साधारणपणे वकील लागत नाही, आपली बाजू आपणच मांडायची असते. घरात प्रवेश करतानाचा पाहणी-अहवाल, तेव्हा काढलेली छायाचित्रे, दर तीन महिन्यांनी एजंटने केलेल्या पाहणीचे शेरे आणि त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावून ठेवा. तीन वर्षांत एजंट घरात इतक्या वेळा येऊन गेला आणि त्याला एकदाही शंका आली नाही, ही गोष्ट त्याच्याच शेऱ्यांतून दिसेल. सुनावणीची भाषा आपल्याला अवघड वाटत असेल, तर दुभाषा मिळावा अशी विनंती आधीच कळवावी.

आणि सासूबाईंना माझ्यातर्फे एवढे सांगा. न्यूझीलंडच्या सरकारी घरांची व्यवस्था तेव्हा पाहणाऱ्या हाउसिंग न्यूझीलंड या संस्थेने २०१३ ते २०१८ या काळात अशाच आकड्यांच्या आधारे सुमारे ८०० भाडेकरूंना त्रास दिला. कोणाचे घर गेले, कोणाला घरातले सामान टाकून द्यावे लागले, कोणाच्या डोक्यावर साफसफाईच्या खर्चाचे कर्ज बसले. तपासणी आणि साफसफाईवर १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या संस्थेने जाहीर माफी मागितली आणि त्या कुटुंबांना आर्थिक मदत देऊ केली. त्यांतले कित्येकजण तोवर मान खाली घालून दुसऱ्यांच्या घरी किंवा मोटारीत दिवस काढून आले होते. आकडा पुढे करून माणसाला दोषी ठरवणे किती चुकीचे होते, हे त्या देशाने स्वतःच कबूल केले आहे. आपण मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : हॅमिल्टनला आमचे एक घर भाड्याने दिलेले आहे. ते आमच्या निवृत्तीची पुंजी आहे. सध्याचे भाडेकरू पुढच्या महिन्यात सोडून जात आहेत. शेजारीण म्हणते, की त्यांच्याकडे रात्री-अपरात्री माणसे येतात आणि कधी कधी विचित्र वास येतो. दर वेळी तपासणी करून घ्यावी का? आणि काही निघाले तर खर्च कोणी करायचा? – एक घरमालकीण, हॅमिल्टन

उत्तर : पहिल्या पत्रातील एजंटवर मी टीका केली, म्हणून मालकांची काळजी मला कळत नाही असे कृपया समजू नका. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले घर कोणी नासवले, तर जीव तुटणारच. तपासणीचा उपयोग मालकालाही आहे, फक्त ती योग्य वेळी व्हायला हवी. भाडेकरू आत येण्यापूर्वीची तपासणी नसेल, तर नंतरच्या तपासणीवर केलेला खर्च बहुतेक वाया जातो. म्हणून सध्याचे भाडेकरू गेल्यावर आणि नवे येण्याआधी घर रिकामे असताना एकदा तपासणी करा, प्रत्येक खोलीचा आकडा वेगळा मागा आणि अहवालाची एक प्रत नव्या भाडेकरूंना करारासोबतच द्या. दोन्ही बाजूंना त्याने संरक्षण मिळते. घरात भाडेकरू असतानाच तपासायचे असेल, तर किमान ४८ तास आधी सूचना द्यावी लागते, कशाची तपासणी होणार आहे ते सांगावे लागते आणि अहवाल हाती आल्यापासून ७ दिवसांत भाडेकरूला कळवावा लागतो. दर वेळी तपासणी करण्याची सक्ती कायद्यात नाही. परंतु आपल्या विमा कंपनीच्या अटी मात्र वाचून पाहा. मेथमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देण्यासाठी ठरावीक अंतराने घराची पाहणी केल्याची नोंद पुष्कळ कंपन्या मागतात, आणि ती नसेल तर दावा अडकतो.

शेजारणीच्या सांगण्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. रात्रपाळीला जाणाऱ्या माणसांकडे रात्री-अपरात्रीच वर्दळ असते. पण अड्ड्याच्या काही खुणा असतात आणि त्या आपल्याला ठाऊक असाव्यात. खिडक्या दिवसरात्र झाकलेल्या असतात, भिंतींवर किंवा मोरीत पिवळट-तपकिरी डाग दिसतात, लेबले काढलेल्या द्रावकांच्या बाटल्या, काचेची भांडी व रबरी नळ्या पडलेल्या असतात आणि नाकाला झोंबणारा, मांजराच्या मुतासारखा वास येतो. पाहणीच्या वेळी असे काही दिसले, तर कशालाही हात न लावता बाहेर पडा आणि पोलिसांना कळवा. तिथे धोका भिंतीवरच्या अंशाचा नसून पेट घेणाऱ्या व विषारी रसायनांचा असतो. अशा घरासाठी पूर्ण तपासणी आणि शास्त्रशुद्ध साफसफाई करण्यात हात आखडता घेऊ नये. ग्लुकमन यांच्या अहवालाचाही त्याला विरोध नाही.

खर्चाविषयी कायदा असा आहे. २७ ऑगस्ट २०१९ पासून झालेल्या नुकसानीला निवासी भाडेकरार कायद्यातील सुधारित तरतूद लागू होते. भाडेकरूच्या किंवा त्याच्या पाहुण्यांच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तर भाडेकरूची जबाबदारी चार आठवड्यांचे भाडे किंवा आपल्या विम्यात मालकाने स्वतः सोसायची रक्कम, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यापुरती मर्यादित असते. या तरतुदीमागे २०१६ चा अपील न्यायालयाचा एक निकाल होता. शेगडीवर तेलाचे भांडे तापत विसरल्यामुळे भाड्याचे घर जळाले होते, आणि मालकाच्या विम्याचा आधार भाडेकरूलाही मिळतो असे न्यायालयाने ठरवले होते. मात्र जाणूनबुजून केलेल्या नुकसानीला, तसेच ज्या कृत्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे अशा कृत्यातून झालेल्या नुकसानीला ही मर्यादा नाही. मेथ हा ‘अ’ वर्गाचा अमली पदार्थ आहे आणि तो जवळ बाळगणे किंवा वापरणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. त्यामुळे आपल्या भाडेकरूने घर मेथने खरोखर खराब केले असे सिद्ध झाले, तर पूर्ण खर्च त्याच्याकडून मागता येतो. हे सिद्ध करणे आपल्याकडे आहे, आणि त्यासाठीच आधीच्या अहवालावर मी इतका भर देत आहे. या भाडेकरूंच्या बाबतीत तो अहवाल आपल्याकडे नाही, असे पत्रावरून दिसते. तेव्हा या वेळी थोडाफार अंश निघाला, तर त्यांच्यामागे लागण्याऐवजी घर नीट धुऊन, रंगवून पुढच्या करारापासून नोंदी चोख ठेवाव्यात, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आणखी एक गोष्ट. जी कंपनी तपासणी करते तिच्याकडूनच साफसफाईचे अंदाजपत्रक घेऊ नका. घर दूषित निघण्यात जिचा फायदा आहे, तिच्या हाती मोजमाप देणे शहाणपणाचे नाही.

प्रश्न : आमची मुलगी दहा महिन्यांची आहे, सगळीकडे रांगते आणि दिसेल ते तोंडात घालते. वेलिंग्टनमध्ये ज्या घरात आम्ही नुकतेच आलो आहोत, तिथे दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत झोपण्याच्या खोलीत १.८ एवढा अंश सापडला होता, असे मालकांनी आम्हाला प्रामाणिकपणे सांगितले. घर सोडावे का? – एक आई, वेलिंग्टन

उत्तर : नाही, या आकड्यावरून घर सोडण्याची गरज नाही. आपल्या मालकांनी न विचारता ही माहिती दिली, ही चांगल्या मालकाची खूण आहे.

आपली काळजी अगदी रास्त आहे, आणि ही पातळी ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही आपल्या मुलीसारखेच मूल होते. २०१७ च्या मानकातला १.५ चा आकडा मुळात कॅलिफोर्नियात काढला गेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी औषध म्हणून मेथ दिल्या गेलेल्या गरोदर स्त्रियांवरील जुन्या अभ्यासातली सर्वांत कमी मात्रा घेतली, तिला ३०० ने भागले आणि जमिनीवर रांगणाऱ्या, हात तोंडात घालणाऱ्या बाळाच्या अंगात त्याहून अधिक जाऊ नये असा हिशेब केला. म्हणजे या आकड्यातच सुरक्षिततेसाठी ३०० पटींचे अंतर आधीच धरलेले आहे. १.५ ओलांडून १.८ झाले म्हणून धोक्याची हद्द ओलांडली गेली, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय तो आकडा दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यानंतर खोली पुसली-धुतली गेली असणार. मनाच्या समाधानासाठी आपण साबणाच्या पाण्याने त्या खोलीच्या भिंती, खिडक्यांच्या चौकटी आणि दरवाजे एक-दोनदा पुसून घ्या. जुना गालिचा असेल तर तो वाफेने स्वच्छ करण्याची विनंती मालकांना करा. तो घरात अनेक कारणांसाठी स्वच्छ असलेला बरा. वेलिंग्टनच्या जुन्या घरांत बाळाला खरा त्रास ओल आणि बुरशीचा होतो. खोली कोरडी आणि उबदार आहे ना, भिंतीच्या खालच्या कडेला काळे ठिपके नाहीत ना, हे पाहण्यात लक्ष घाला, आणि तसे दिसले तर मालकांना लेखी कळवा. त्या बाबतीत कायदा पूर्णपणे आपल्या बाजूला आहे.

प्रश्न : एजंट घरी पाहणीला आला आणि न सांगताच त्याने मोरीतल्या पंख्यावरून आणि एसीच्या जाळीवरून बोळे फिरवून नमुने नेले. हे चालते का? – एक विद्यार्थी, ख्राइस्टचर्च

उत्तर : नाही. नुसत्या पाहणीची सूचना देऊन मेथची तपासणी करता येत नाही, तपासणीचा हेतू सूचनेत सांगावा लागतो. लेखी तक्रार करा आणि निकालाची प्रत मागा. पंखा आणि एसीची जाळी या जागा वर्षानुवर्षे धूर व धूळ खेचून धरतात, त्यामुळे तिथे जास्त आकडा येण्याची शक्यता असते आणि तो खोलीचा आकडा म्हणून पुढे करता येत नाही. हेही त्याच पत्रात लिहून ठेवा.

प्रश्न : मुलगा ऑकलंडला असल्यामुळे हा विषय आमच्या कानावर आला. पुण्यात आमचा एक फ्लॅट आम्ही चार विद्यार्थ्यांना दिला आहे. इथे अशी तपासणी होते का? आणि उद्या तिथे काही सापडले, तर आम्ही वयस्कर माणसे अडकू का? – एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : न्यूझीलंडप्रमाणे भिंती पुसून भाडेकरूला जबाबदार धरण्याची पद्धत आपल्याकडे रूढ नाही, आणि ती यावी असे मला वाटतही नाही. आपल्याकडे प्रश्न भिंतीवरच्या अंशाचा नसून घरात प्रत्यक्ष काय चालते आणि मालकाला ते ठाऊक होते का, याचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातले कलम २५ सांगते, की घराचा मालक किंवा ताबेदार यांनी जाणूनबुजून आपली जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू दिली, तर त्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याला माहिती नव्हती आणि आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे कागदांवरून दिसले पाहिजे.

म्हणून लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे आपलीच आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा पुष्कळांचा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवा. चौघांचीही नावे, कॉलेजची ओळखपत्रे आणि पालकांचे दूरध्वनी करारात असू द्या, एकाच्याच नावावर करार करून बाकीचे तिघे ‘मित्र’ म्हणून राहतात असे होऊ देऊ नका. महिन्या-दोन महिन्यांनी आधी फोन करून घरी जाऊन या आणि त्या भेटीची तारीख वहीत टिपून ठेवा. सोसायटीच्या सचिवांकडून तक्रार आली, तर तिचे लेखी उत्तर द्या. आणि खरोखर काही संशयास्पद दिसले, तर मुलांशी भांडत बसू नका व त्यांच्या सामानाला हात लावू नका. सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन माहिती द्या आणि दिलेल्या अर्जाची पोच घेऊन घरी या.